स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे स्वावलंबन : वैद्य व औषधालय यांचा वाटा

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण चिकित्सालयात येतो तेव्हा बहुधा त्याला कोणीतरी घेऊन आलेले असते. मुलगा अथवा सून समोरच्या खुर्चीवर बसते, रुग्ण बाजूच्या. नाडी आपण रुग्णाची पाहतो, परंतु प्रश्न नातेवाइकांना विचारतो आणि पथ्यही त्यांनाच सांगतो. व्याधीने अद्याप न हिरावलेली एक गोष्ट, स्वतःविषयी स्वतः बोलणे, आपण त्या दहा मिनिटांत काढून घेतो. मेध्य रसायनांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही रुग्णाच्या ठायी शिल्लक असलेली कर्मशक्ती कशी राखावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार करीत आहोत.

विषय लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना हा विकार आहे. त्यांतील बहुसंख्य घरीच राहतात.

प्रथम निदानाविषयी दोन शब्द. विसरभोळेपणा दिसताच त्याला स्मृतिभ्रंश म्हणू नये. अवटु ग्रंथीची मंदता, ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त ही कारणे तपासून घ्यावीत. त्यांवर उपाय आहेत. सर्दीच्या काही जुन्या गोळ्या वृद्धांच्या बुद्धीवर मळभ आणतात. आपल्याकडील कनकासवात धत्तूर आहे, हेही येथे विसरता कामा नये.

आता एक अनुभव; रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. शहात्तर वर्षांच्या एका आजींनी दुधाचे पातेले दोनदा करपविले. सुनेने घाबरून आम्हांस विचारले व आम्ही तत्काळ सांगितले, "त्यांना स्वयंपाकघरात जाऊच देऊ नका." सल्ला सुरक्षित होता आणि चुकीचा होता. दोन महिन्यांत आजींनी स्वतःहून वेणी घालणे सोडले, "मी बसू का?" असे विचारून त्या बसू लागल्या. विस्तवाचे भय होते, तर विस्तव काढायचा होता. आम्ही सारे घरच काढून घेतले.

पुढे आम्ही सल्ला बदलला. सुनेने परातीत मोजून पीठ व पाणी द्यावे, मळणे व भाकरी थापणे आजींनी करावे, तव्याशी सून उभी राहील. पहिल्या दिवशी आजी पिठाकडे नुसत्या पाहत राहिल्या. सुनेने त्यांचा हात धरून पिठावर ठेवला मात्र, पुढचे हातांनीच केले. आज काय जेवलो ही घटनेची स्मृती लवकर जाते. वर्षानुवर्षांच्या सवयीने हातांत मुरलेले कौशल्य पुष्कळ मागाहून जाते. व्याधी थांबली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र त्यानंतर सुमारे दीड वर्ष त्या घरातील भाकरी आजींनी थापली.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे सांगितली आहेत. तेथील संदर्भ तत्त्वस्मृतीचा व मोक्षाचा आहे. त्यांचा येथील विनियोग आमचा आहे, तो ग्रंथावर लादू नये. तरीही रूपग्रहण, सादृश्य, विपर्यय, अभ्यास व पुनःश्रुत ही पाच कारणे परिचारकाच्या अगदी हाताशी आहेत. शौचालयाच्या दारावर शब्दाबरोबर चित्र लावावे, हे रूपग्रहण. नवा तांब्या आणण्याऐवजी रुग्णाचा जुनाच ठेवावा, हे सादृश्य. विपर्ययाचा उपयोग तर फार मोठा आहे. पांढऱ्या भिंतीवर पांढरे बटण, पांढऱ्या ताटात दहीभात रुग्णाला दिसतच नाही. गडद रंगाच्या ताटात तोच भात तो स्वतः जेवतो. उलटपक्षी, दारात काळे पायपुसणे टाकल्यास त्याला तेथे खड्डा भासू शकतो व तो उंबरा ओलांडावयास नकार देतो. घरचे त्यास हट्ट समजतात.

अभ्यास म्हणजे तेच काम, त्याच वेळी, त्याच क्रमाने. स्नानाचे कपडे घालावयाच्या क्रमाने एकावर एक ठेवावेत. पुनःश्रुत म्हणजे एका वेळी एकच लहान सूचना, त्याच शब्दांत पुन्हा. "कालच सांगितलं होतं ना?" हे वाक्य मात्र वर्ज्य. "कोणती साडी नेसता?" याऐवजी दोन साड्या समोर धरून "हिरवी की निळी?" असे विचारावे, निवड रुग्णाचीच राहते. बटण लावण्यास पाच मिनिटे लागत असतील तर लागू द्यावीत. परिचारकाला हेच सर्वांत कठीण जाते, कारण त्याला कामावर जायचे असते. त्याला दोष न देता सकाळची दोनच कामे रुग्णाकडे ठेवावीत, उरलेल्यांत मदत घ्यावी.

औषधालयचालकांकडे आमचे विशेष मागणे आहे. अभ्यंगाचे तेल व पोटात घ्यावयाचे आसव एकसारख्या तपकिरी बाटल्यांत एकसारख्या झाकणाने दिले जाते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरी ही निष्काळजी ठरते. तेलाची बाटली वेगळ्या आकाराची असावी व तीवर ठळक मराठीत "अंगाला लावण्याचे" असे लिहावे. चूर्णाचा मोठा डबा देण्याऐवजी सकाळ-संध्याकाळच्या पुड्या वार घालून बांधून द्याव्यात. पुडी दिसली तर घ्यायची राहिली, नाही तर घेतली, इतके रुग्णाला दीर्घकाळ कळते. विषारी घटक असलेली औषधे कुलपातच असावीत. वैद्यांनीही कल्पांची संख्या कमी करावी. चार वेळांची सहा औषधे लिहून स्वावलंबनाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. यष्टिमधु मेध्य खरे, परंतु दीर्घकाळ व अधिक मात्रेत ते रक्तदाब वाढविते व पोटॅशियम घटविते. रुग्ण मूत्रल गोळी घेत असेल तर विशेष जपावे.

पुढील भेटीत खुर्च्यांची अदलाबदल करावी. रुग्णास समोर बसवावे, प्रश्न त्याला विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. उत्तर चुकले तर नातेवाइकांकडून तपशील नंतर, वेगळे बसून घेता येतो. आमच्याकडील आजी आमचे नाव कधीच विसरल्या होत्या. भाकरीचे पीठ कोणत्या चक्कीवरचे चांगले, हे विचारले की मात्र त्या सुनेला गप्प करून स्वतः सांगत.