तारीख नको, गवत बघ

सूनबाई, यंदापासून मेंढरं आणि माळ दोन्ही तुझ्या हाती. मृगात मेंढरं माळावर, हस्तात शाळूची पेरणी, दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा पश्चिमेला, हे तुझ्या आजेसासऱ्यांनी मला पाठ करून घेतलं होतं. तू ते पाठ करू नकोस. २०१८ ला पाऊस रुसला, २०१९ चा उन्हाळा आपल्या माण तालुक्यातल्या जनावरांनी चारा छावणीत काढला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उभी पिकं पाण्यात कुजली. २०२५ ला तर मे महिन्यातच बारामती-फलटणकडं ओढे फुटून वाहिले. आपल्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडं ५०० च्या आतबाहेर. तोही आता चार दमात पडतो आणि मधे महिना-महिना दडी मारतो. म्हणून पंचांग राहू दे, पायाखालचं गवत बघ.

पहिल्या सरीनंतर माळ हिरवा दिसला की मेंढरं ओढ घेतात. सोडायची नाहीत. तो कोंब मुळातल्या साठ्यावर फुटलेला असतो. तो खाल्ला आणि वर पावसानं ताण दिला, तर ते ठोंबच मरतं, मग तिथं कुसळी येते. गवत वीतभर झाल्याशिवाय माळ उघडू नकोस, तोवर कडबा घाल. माळाचे चार तुकडे कर, एक चरला की तो विसाव्याला आणि मेंढरं दुसऱ्यात. चौथा तुकडा पाऊस संपेपर्यंत बंदच ठेवायचा. शेजारीपाजारी म्हणतील, गवत असून जनावर उपाशी ठेवते. म्हणू देत.

कोवळ्या गवताचा दुसरा धोका आंत्रविषाराचा. संध्याकाळी धडधाकट दिसलेलं कोकरू सकाळी मेलेलं सापडतं, औषधाला वेळच मिळत नाही. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. पूर्वी मेअखेरीला टोचली तरी चालायचं, आता पाऊस कधी मेमध्येच येतो, तर एप्रिल संपायच्या आत डॉक्टरांना गाठ. आणि रिकाम्या पोटी हिरव्यावर कधीच नको, आधी कोरडी वैरण.

पावसानं दडी मारली की आणखी एक सांभाळ. गुडघ्याखालची, ताणानं सुकलेली कोवळी ज्वारी विषारी असते. कापून नेल्यावर फुटणारे फुटवेही तसेच. चांगला पाऊस होऊन पीक निसवेपर्यंत त्या रानात जनावर शिरू द्यायचं नाही, मालकानं बोलावलं तरी.

गवत कापायचं ते फुलोऱ्यात. पवन्या, डोंगरी, मारवेल, सगळ्यांना हाच नियम. वाळून कुसळं धरली की त्यात सत्त्व राहत नाही, वर ती लोकरीत नि तोंडात रुततात. पण आता ऐन कापणीत पाऊस गाठतो, म्हणून सगळं एकदम आडवं करू नकोस. दोन दिवसांत वाळेल तेवढंच काप. गंजी जमिनीला टेकवायची नाही, खाली दगड आणि बाभळीच्या फांद्या घाल. काळी पडलेली, बुरशी आलेली वैरण गाभण मेंढीला कधीच नको.

२०२१ च्या डिसेंबरात पुणे-नगर भागात अवकाळी पाऊस आणि गारठ्यात शेकडो मेंढ्या उघड्यावर मेल्या. ते ऐकून माझी झोप उडाली होती. तेव्हापासून घोड्यावरच्या ओझ्यात ताडपत्री सगळ्यात वर असते, तुझीही असू दे. मेंढरं कोंडायची वाघर ओढ्याकाठी किंवा खोलगट जागी लावू नकोस. उंचवटा बघ, वाऱ्याच्या बाजूला आडोसा बघ. ढग दिसत असतील तर लोकर कातरायची घाई करू नकोस. माडग्याळ मेंढीला भाव आहे, मान्य, ती लवकर वाढते. पण अंगावर लोकर असलेली आपली काळी दख्खनी भिजूनही तग धरते. कळपात दोन्ही ठेव.

माळाला पडीक म्हणणारे येतील. कुणी पोकलेन लावून सपाट करायला, कुणी झाडं लावायला. झाडं बांधावर लाव, ओढ्याच्या कडेला लाव, हवी तेवढी लाव. उथळ मुरमावर खड्डे घेऊन गवत उखडू देऊ नकोस. वळवाचं पाणी तिथं फक्त गवताची मुळंच अडवतात. जिथं उघडं पडलंय तिथं पाऊस लागल्यावर मारवेलची ठोंबं लाव. पवन्याचं बी हलकं, वाऱ्यानं उडतं. ते माती-शेणात कालवून त्याच्या गोळ्या टाक, आणि तो तुकडा पहिलं वर्ष चरू देऊ नकोस.

शेवटचं दिवाळीचं. त्या वेळी बसून हिशेब कर: एका मेंढीला दिवसाला एक-दीड किलो कोरडी वैरण, म्हणजे पन्नास मेंढरांना तीन महिने काढायला पाच-सहा टन. तेवढी नसेल तर नर आणि म्हाताऱ्या मेंढ्या तेव्हाच बाजाराला ने. मार्चमध्ये सगळेच विकायला निघतात आणि व्यापारी हाडं मोजून भाव करतो. मादी कोकरं आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या मेंढ्या मात्र राख. पैशाची कितीही नड आली, तरी त्यांच्यासाठी वैरण विकत आण, पण त्या विकू नकोस.