दर वेळी मोतीबिंदूच असतो असे नाही



मी बरीच वर्षे कुवेतमध्ये फिजिशियन म्हणून काम केले. मी नेत्रतज्ज्ञ नव्हे. पण वयस्कर माणूस डोळ्यांची तक्रारही आधी घरच्या डॉक्टरलाच सांगतो, आणि कोणाला तातडीने पुढे पाठवायचे हे ओळखणे आमचे काम. साठी उलटलेल्याला अंधुक दिसू लागले की घरातले सगळे एकच नाव घेतात, मोतीबिंदू. बहुधा ते खरेही निघते. आज लिहितो आहे ते खरे न निघालेल्या दोन वेळांविषयी.

कुवेतचे ऊन सांगून समजणार नाही. 2016 च्या जुलैत तिथल्या मित्रिबा केंद्रावर 53.9 अंश तापमान नोंदले गेले. त्यात धुळीची वादळे. तेल सापडण्यापूर्वी हा देश मोत्यांवर जगे. भर उन्हाळ्यात पाणबुडे महिनोन्‌महिने समुद्रावर असत आणि मोती विकायला यायचे आपल्या मुंबईत. (1961 पर्यंत तिथे रुपया चाले, हे आजच्या मुलांना खरे वाटत नाही.) तरुणपणी असेच समुद्रावर राबलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे येत. "मोतीबिंदू आहे, पिकू द्या," असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पखाली पाहिले, तर दोष भिंगात नव्हताच. बुबुळावरच्या पारदर्शक पटलात, म्हणजे कॉर्नियात, पापण्यांच्या फटीतून उघडा राहतो तेवढ्याच पट्ट्यात, मधाच्या रंगाचे बारीक थेंब साचले होते. याला क्लायमॅटिक ड्रॉपलेट केरॅटोपॅथी म्हणतात. ऊन, वाळू आणि वारा वर्षानुवर्षे सोसणाऱ्यांना हा होतो. कॅनडात लॅब्राडोरच्या बर्फातही तो आढळला, कारण बर्फावरून परतणारे ऊनही तितकेच घातक. थेंबांऐवजी खडूसारखा पांढरा पट्टा असता, तर तो चुन्याचा थर, म्हणजे कॅल्शियम. तेव्हा मूत्रपिंड आणि रक्तातले कॅल्शियम तपासावे लागते. दोन्ही ठिकाणी नुसते मोतीबिंदूचे ऑपरेशन करून नजर स्वच्छ होत नाही. वरवरचा थर खरवडून किंवा लेसरने काढता येतो. डाग खोल गेला असेल तर दात्याचा कॉर्निया बसवावा लागतो.

म्हणून नेत्रदानाविषयी दोन शब्द. वयाची अट नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचे झालेले ऑपरेशन, काहीही आड येत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे. तोवर पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांची संमती चालते. आपला निर्णय मुलांना आजच सांगून ठेवा, कारण त्या घाईत आठवण करून द्यायला आपण नसतो.

दुसरी गोष्ट पडद्याची, म्हणजे रेटिनाची. मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी. ऐंशीच्या घरात, पण बोलण्यात चोख. महिनाभर त्यांना संध्याकाळी बाल्कनीच्या दाराशी परकर-पोलक्यातल्या मुली ओळीने उभ्या दिसत. मुली बोलत नसत, हसत नसत. आजींनी आधी कोणाला सांगितले नाही. सांगितले तेव्हा सुनेला बाहेरची बाधा वाटली आणि मुलाला वेड. एका ठिकाणी झोपेच्या गोळ्या मिळाल्या, त्याने त्या दिवसभर पेंगू लागल्या. मुलगा तिकीट काढून त्यांना गावी धाडायच्या बेतात होता.

मी विचारले, "आजी, त्या मुलींचा आवाज येतो का?"

"नाही डॉक्टर. आणि त्या खऱ्या नाहीत हेही मला कळतं. पण दिसतात त्याला मी काय करू?"

निदान त्या उत्तरातच होते. डोळे तपासले तेव्हा दोन्ही पडद्यांचा मधला भाग, मॅक्युला, झिजलेला निघाला. पडद्याकडून मेंदूला पुरेसे चित्र पोचेना, की मेंदू स्वतःच चित्रे भरू लागतो. 1760 मध्ये जिनिव्हाच्या शार्ल बॉने यांनी आपल्या दृष्टी मंदावलेल्या आजोबांविषयी हेच लिहिले. आजाराला त्यांचेच नाव आहे. हे वेड नाही, बाधा तर नाहीच. मात्र आवाज येत असतील, माणूस गोंधळला असेल, ताप असेल किंवा नवे औषध सुरू झाले असेल, तर कारण वेगळे असते. तेव्हा आधी फिजिशियनला दाखवा.

आजींची झीज कोरड्या प्रकारची होती. गेलेली नजर परत येणारी नव्हती. ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शने देऊन नजर वाचवता येते, पण उशीर झाला तर व्रण पडतो. घरी ओळखायचे ते असे: वाचायचा चष्मा लावा, एक डोळा झाका आणि पोथीची ओळ किंवा खिडकीचे गज पाहा, मग दुसरा डोळा. सरळ रेघ वाकडी दिसली किंवा मधले अक्षर पुसट झाले, तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरकडे जा. विजेसारख्या ठिणग्या, एकाएकी काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी.

गोळ्या बंद केल्या. संध्याकाळी बाल्कनीत मोठा दिवा लावायला सांगितले. मुली दिसल्या की नजर डावी-उजवीकडे फिरवायची, उठून दाराला हात लावायचा. सूनबाईंना बसवून सगळे समजावले, आणि मला वाटते खरा गुण त्याचाच आला. तिकीट रद्द झाले. पुढे तपासायला आल्या की आजी हसत सांगत, "काल दोघीच आल्या होत्या."