सुरत ते मलबार, १७२० : जहाज सुखरूप नेण्याचा खर्च

साल १७२०. तुमचं मालाचं जहाज सुरतेहून मलबारला न्यायचं आहे. एका परवान्यावर हा किनारा पार होत नाही, हे आधी धरून चला. पोर्तुगिजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, आंग्रे मानत नाहीत, आंग्र्यांचं दस्तक पोर्तुगीज मानत नाहीत.

कार्ताझ पोर्तुगीज ठाण्यांवर मिळतो. जहाजाचं नाव, नाखुदा, खलाशी, तोफा, माल आणि जायचं ठिकाण लिहून द्या. नोंदीबाहेरचा माल सापडला तर जहाजासकट जप्ती. फी किरकोळ आहे. खिसा कापते ती अट : वाटेत त्यांच्या बंदराला लागून जकात भरायची. तिथे नांगरून पडाल त्या दिवसांचा खलाशांचा पगार आणि शिधाही हिशेबात धरा. अकबराच्या हजयात्रेच्या जहाजांनाही कार्ताझ चुकला नव्हता.

दस्तक सरखेल कान्होजी आंग्र्यांचं. मुख्य ठाणं कुलाबा. इंग्रज त्यांना चाचे म्हणतात, पण ते शाहू छत्रपतींचे आरमारप्रमुख आहेत आणि दस्तकाचा पैसा हा राज्याचा कर आहे. तो बुडवू नका.

‘इंग्रजांचं निशाण लावा, कोणी अडवणार नाही,’ असं सांगणारे भेटतील. त्यासाठी एक रुपयाही मोजू नका. निशाण कोणाचंही असो, आत माल कोणाचा हे आंग्रे तपासतात. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाच धरली. कारवार वखारीचा प्रमुख त्या झटापटीत मारला गेला. त्याच्या पत्नीला सोडवायला ३०,००० रुपये पडले.

मादागास्करकडून येणारे युरोपीय चाचे मात्र कोणताच कागद जुमानत नाहीत. १६९५ मध्ये त्यांनी औरंगजेबाचं गंज-ए-सवाई हे जहाज लुटलं. तोफा त्यावर भरपूर होत्या, पण ऐन लढाईत एक तोफ जागीच फुटली. म्हणून तोफ विकत घेताना बार काढून पाहा. निदान एखादी मागच्या बाजूला बसवा : वारा पडला की तुमचं जहाज जागीच डोलतं आणि वल्ह्यांची गलबतं पिछाडीकडूनच येतात.

विमा सुरतेच्या सराफांकडे उतरतो. धोका वाढला की दर चढतो, म्हणून वाटेवरच्या लुटीची बातमी पेढीवर पोचण्याआधी सौदा पक्का करा. सोबतीसाठी काफिल्यातून, म्हणजे जहाजांच्या ताफ्यातून, जाणार असाल तर सगळी जहाजं जमेपर्यंतचा खोळंबा तुमच्याच खर्चाने.

कागदपत्रं पावसाळ्यातच उरका. नारळी पौर्णिमेआधी जहाज पाण्यात घालू नका.