लगद्याची टोपली करताना

पोरी, शाळेत मुलांकडून कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करून घेणार म्हणालीस, फार बरं वाटलं. पण आधी हे ऐक. चमकी, रंगीत पुठ्ठे, गोंदाच्या नळ्या विकत आणून 'टाकाऊतून टिकाऊ' करायचं असेल तर ते नकोच. वर्गातला कचरा उचलशील त्याहून जास्त नवा आणशील. घरोघरी काय पडून आहे ते बघ आणि त्यातच भागव.

वर्तमानपत्रं, भरलेल्या वह्या, अंड्यांचे कागदी ट्रे, हे सगळं चालतं. ट्रे मुळात लगद्याचेच, त्यामुळे पटकन विरतात. गुळगुळीत मासिकं बाजूला ठेव, ती लवकर भिजत नाहीत. आणि दुकानातली ती पावती, नखाने ओरखडलं की जिच्यावर काळी रेघ उठते, ती अजिबात घेऊ नकोस. तिच्यावर रसायनाचा थर असतो आणि मुलांचे हात दिवसभर त्यात असणार. वह्यांच्या पिना स्वतः काढ. कागद कात्रीने न कापता हाताने फाडायला सांग, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात.

तीन-चार दिवस भिजत घाल, पाणी रोज बदल. मग पिळून कूट. मिक्सरचा मोह टाळ. कुटल्याने तंतू पिंजले जातात, पात्याने तुटतात. घमेलंभर लगद्याला वाटीभर मेथी, रात्रभर भिजवून वाटलेली. तिच्या बुळबुळीतपणाने लगदा धरतो आणि कडूपणाने कीड लांब राहते. मूठ दाबून उघडलीस की गोळ्यावर बोटांचे ठसे उमटलेले दिसायला हवेत, पाणी मात्र ओघळता कामा नये. ही खूण पटेपर्यंत पुढे जाऊ नकोस.

साच्याला तोंडाशी रुंद पातेलं घे, गळा असलेलं भांडं नको, टोपली निघणारच नाही. ते पालथं घालून वर जुनं सुती फडकं ओलं करून पसर, कारण लगदा वाळताना आकसतो आणि भांड्याला घट्ट धरून बसतो. मधोमध सुरुवात करून थालीपीठ थापतात तसं कडेकडे थापत जा, बुडाला बोटभर जाड. पहिले दोन दिवस सावली, नंतर ऊन. आधीच उन्हात ठेवलंस तर वरचा थर वाळतो, आतला ओला राहतो आणि तडे जातात. तडा गेलाच तर त्याच लगद्याने भर. पावसाळ्यात हा उद्योग काढूच नकोस, बुरशी धरते.

रंगाला गेरू आणि डिंकाचं पाणी. पांढऱ्या नक्षीला वर्गातल्या खडूची भुकटी. ऑइलपेंट आणि वॉर्निश लावू देऊ नकोस, कितीही चकाकी आली तरी. नुसत्या गेरूची टोपली मोडली तर पुन्हा भिजवता येते, कुटता येते. ऑइलपेंट लावलेली सरळ कचऱ्यात जाते, मग आपण केलं काय?

आमच्या माहेरी अशा टोपल्यांत कुरडया-पापड ठेवत. तू ठेवू नकोस. छपाईची शाई अन्नाला लागू नये, म्हणून 2018 च्या नियमांत वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायलाही मनाई आहे. बटणं, खडू, सुतळी, किल्ल्या खुशाल ठेव.

आणि एखादी टोपली बिघडली तर फेकू नकोस. मुलांसमोरच तुकडे करून भिजत घाल आणि पुढच्या तुकडीला तोच लगदा कुटायला दे.