जलसंजीवनी

[पाठ-परिचय : पोटाचे आजार नेहमीचे असले, तरी त्यांपैकी काही जिवावर बेततात. हे आजार कसे ओळखावेत आणि घरच्या घरी पहिला उपचार कोणता करावा, हे या पाठात सांगितले आहे.]

मुलांनो, पावसाळा सुरू झाला की वर्गातील गैरहजेरी वाढू लागते. कारण विचारले, तर बहुतेक चिठ्ठ्यांत एकच वाक्य असते : 'पोट बिघडले होते.' पण पोट बिघडणे हा काही एकच आजार नाही. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची लक्षणे वेगळी आहेत.

आपण खाल्लेला घास तोंडातून अन्ननलिकेत, तेथून जठरात आणि मग लहान आतड्यात जातो. अन्नातील सत्त्व आणि बरेचसे पाणी येथेच रक्तात शोषले जाते. उरलेले पाणी मोठे आतडे शोषून घेते. दूषित पाणी किंवा उघड्यावरचे अन्न पोटात गेले, की त्याबरोबर रोगजंतूही जातात आणि या कामात बिघाड होतो.

दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे, याला अतिसार म्हणतात. यालाच आपण जुलाब म्हणतो. पोटात मुरडा येऊन शौचावाटे आव आणि रक्त पडू लागले, तर तो आमांश समजावा. पटकीमध्ये तांदळाच्या धुवणासारखे पांढरट जुलाब एकामागून एक होतात. उलट्या होतात आणि पायांत गोळे येतात. विषमज्वराचे जंतू आतड्यातून रक्तात शिरतात. त्यामुळे ताप दिवसेंदिवस चढत जातो, डोके दुखते, भूक मरते. दूषित पाण्यामुळे कावीळही होते. तिच्यात यकृताला सूज येते आणि डोळे व लघवी पिवळी दिसते. पोटात जंत झाले, तर पोट दुखते आणि अंगातील रक्त कमी होते.

यांपैकी जुलाब आणि पटकी यांत माणूस काही तासांतच खचतो. त्याला मुख्य कारण म्हणजे शरीरातून निघून जाणारे पाणी आणि क्षार.

मी तुमच्याएवढा होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातील दीड वर्षाच्या एका मुलाला जुलाब सुरू झाले. "त्याला पाणी देऊ नका, पाण्याने जुलाब वाढतात," असे घरातील वडीलधारी माणसे म्हणाली. ती प्रेमापोटीच बोलत होती. मूल पाण्याच्या वाटीकडे हात करत होते आणि त्याची अम्मी वाटी दूर सारत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे खोल गेले. दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. ते मूल वाचले नाही. आज मला कळते, की त्या वाटीतच त्याचे औषध होते.

आता दुसरी खरी हकिकत ऐका. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, युद्ध पेटले. लाखो माणसे घरदार सोडून भारतात आली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. रुग्णालयात दोनच खोल्या होत्या. खाटा पुरेनात, म्हणून रुग्ण जमिनीवर पडले होते. शिरेतून सलाईन देणे हा तेव्हाचा नेहमीचा उपचार होता. पण सलाईनचा साठा संपत आला होता.

तेथे डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. मीठ व साखरेचे पाणी तोंडाने पाजण्याचे प्रयोग ढाका आणि कलकत्ता येथे झाल्याचे त्यांना माहीत होते. परंतु ते प्रयोग रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले होते. महालनबीस यांनी धाडस केले. १ लीटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण ठरवले आणि द्रावणाचे पेले रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. आई मुलाला पाजू लागली, भाऊ भावाला पाजू लागला. छावणीत पटकीच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ३० दगावत होते. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत हे प्रमाण ४ च्याही खाली आले.

हे कसे घडले? मीठ आणि साखर एकत्र असली, की लहान आतडे ती दोन्ही शोषून घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही रक्तात जाते. पटकीतही आतड्याचे हे काम चालू राहते. या पाण्यालाच 'जलसंजीवनी' म्हणतात. ती जुलाब लगेच थांबवत नाही. पण गेलेले पाणी भरून काढते आणि माणसाला वाचवते. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

जलसंजीवनीची पाकिटे सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात. पाकीट नसेल, तर उकळून गार केलेल्या १ लीटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. मीठ जास्त पडू देऊ नका. हे पाणी थोडे थोडे, पण वारंवार पाजा. उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजा. उरलेले पाणी २४ तासांनंतर फेकून द्या. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. मोठ्या मुलाला पेज, खिचडी द्या.

डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, लघवी कमी झाली, मूल सुस्त पडले किंवा शौचात रक्त दिसले, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. जाताना वाटेतही पाणी पाजत राहा.

मुलांनो, जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवा. पाणी उकळून प्या. आणि आज घरी गेल्यावर अम्मीला व नानीला हे प्रमाण नक्की सांगा. न जाणो, एखाद्या रात्री त्याची गरज पडेल.

शब्दार्थ
अतिसार – दस्त. आमांश – पेचिश. पटकी – हैजा. विषमज्वर – मियादी बुखार. कावीळ – यरकान. यकृत – जिगर. दगावणे – मरण पावणे. निर्वासित – घरदार सोडून आलेले लोक. मरणोत्तर – मृत्यूनंतर

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अतिसार कशास म्हणतात?
(आ) बनगाव येथे कोणती साथ पसरली होती?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) जुलाब होत असताना पाणी बंद करू नये.
(आ) डॉ. महालनबीस यांनी तोंडाने द्रावण पाजण्याचे ठरवले.
प्र. ३. फरक सांगा : आमांश आणि पटकी.
उपक्रम : जलसंजीवनी तयार करण्याची कृती मोठ्या अक्षरांत लिहून घरातील भिंतीवर लावा.