कवळी बसविल्यानंतरचे काम

चिखलीच्या परिसरात वृद्ध माणसाचे जेवण नीट चालले आहे की नाही, हे तो भाकरी खातो किंवा नाही यावरून ओळखले जाते. दात गेले की भाकरी दुधात अथवा वरणात कुस्करण्याची पाळी येते. केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीचाही समावेश करण्यात आला, तो याच दृष्टीने महत्त्वाचा होय. मात्र काठी हाती दिली की काम संपते. कवळीचे तसे नाही.

हिरडी मऊ असते, कवळी कठीण. पहिल्या दोन-चार दिवसांत ती कोठेतरी टोचणे स्वाभाविक आहे. अशा वेळी दंतवैद्य वरच्या व खालच्या दातांमध्ये रंगीत कागदाची पट्टी धरून चावावयास सांगतात. जेथे दात आधी टेकतात तेथे ठसा गडद उमटतो आणि तेवढाच भाग घासला जातो. एका बाजूस आधी टेकणारी कवळी दुसऱ्या बाजूस उचलली जाते. म्हणजे दुखणे हिरडीत, पण त्याचे मूळ पुष्कळदा चाव्यात असते. हे ठाऊक नसल्याने घरीच कानशीने कवळी घासली जाते व चांगली कवळी कायमची बिघडते. दुखते म्हणून ती कोनाड्यात ठेवून देणेही बरे नव्हे. दाखवावयास जाण्यापूर्वी ती काही तास तोंडात ठेवावी, म्हणजे हिरडीवरील लाल खूण वैद्यास दिसते.

दात काढल्यानंतर जबड्याचे हाड झिजत जाते, विशेषतः पहिल्या वर्षात. त्यामुळे घट्ट बसलेली कवळी पुढे सैल होते, खालची अधिक. तिला आतून नवे अस्तर देता येते. चावण्याचा जोर नैसर्गिक दातांइतका कधीच येत नाही, हेही आधी सांगितलेले बरे. आरंभी मऊ भात, खिचडी, दोन्ही बाजूंनी लहान घास, भाकरी नंतर.

एक गोष्ट मात्र दुर्लक्षिता येणार नाही. कवळी घासून दिल्यावरही जखम दोन आठवड्यांत भरून आली नाही, तर ती कवळीचीच आहे असे गृहीत धरू नये. तंबाखू खाणाऱ्यांच्या बाबतीत तर कर्करोगाची तपासणी तत्काळ व्हावी.

लाभार्थ्यांची यादी करताना ग्रामपंचायतीने दुसऱ्या भेटीची तारीखही नोंदवावी. गुंतागुंतीच्या दुरुस्तीसाठी शासकीय दंत महाविद्यालये नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. चिखलीकरांना दुसरे जवळचे.