वनौषधींच्या नोंदी आणि जीपीएस मार्ग : वेळेच्या आधारे जुळणी

द्रव्यसंग्रहात देश आणि काल यांचे महत्त्व व्यवसायबंधूंना नव्याने सांगण्याचे कारण नाही. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या छत्तिसाव्या अध्यायात भूमिपरीक्षा सांगितली असून वनस्पतींच्या ओळखीसाठी गुराखी, तापस, व्याध यांना विचारावे असेही म्हटले आहे. आज त्या वाटाड्याच्या जोडीला आपल्या खिशात जीपीएस यंत्र असते. ते ठरावीक अंतराने स्थान व वेळ टिपत जाते. आपण वहीत वनस्पतीचे नाव, अवस्था आणि वेळ लिहितो. या दोन नोंदींना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे वेळ.

समजा, आंबोलीच्या रानात वहीत '८.४२, अशोक, ओढ्याकाठी, खोड जून' अशी नोंद आहे. जंगलात माणूस ताशी ३ किलोमीटर चालला तरी एका मिनिटात ५० मीटर पुढे जातो. घड्याळ ४ मिनिटांनी चुकलेले असेल तर झाड नकाशावर २०० मीटर दूर, कदाचित दुसऱ्याच ओढ्याकाठी दिसेल. दाट झाडीखाली उपग्रहसंदेशातील चूकही असतेच. परंतु ती बहुधा काही मीटरांची, आणि वेळेच्या चुकीपुढे किरकोळ ठरते. बाजारात अशोकसालीच्या नावाखाली आसुपालवाची साल येते हे आपण जाणतोच. शंका आल्यावर ज्या झाडाची साल घेतली त्याच झाडापाशी परत जाता आले नाही, तर औषधशाळेतील गट क्रमांकाला अर्थ काय उरला?

सर्वांत मोठा घोळ साडेपाच तासांचा. जीपीएक्स फाइलमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहिलेली असते आणि आपली वही भारतीय प्रमाणवेळेनुसार. म्हणून वहीतील ८.४२ म्हणजे फाइलमधील ३.१२. पहाटेच्या संग्रहात आणखी एक खोच आहे : सकाळी साडेपाचपूर्वीची नोंद जागतिक वेळेनुसार आदल्या दिनांकाला जाते, त्यामुळे केवळ तास वजा करून भागत नाही, दिनांकही बदलावा लागतो. काही आज्ञावल्या फाइल उघडतानाच वेळ स्थानिक करून दाखवितात. तेव्हा गृहीत न धरता मार्गाचा पहिला बिंदू आणि आपण चालावयास सुरुवात केल्याची वेळ ताडून पाहावी.

कॅमेऱ्याचे घड्याळ तर कोणी सहसा लावीतच नाही. त्यावर साधा उपाय असा की, निघण्यापूर्वी जीपीएस यंत्राच्या पडद्यावरील सेकंदांसह वेळेचे एक छायाचित्र घ्यावे. छायाचित्रावर नोंदलेली वेळ व पडद्यावरील वेळ यांतील फरक हाच त्या दिवसाचा शोधनांक. डिजिकॅम या मोफत आज्ञावलीत हा फरक व वेळक्षेत्र भरले की छायाचित्रे मार्गावर आपोआप बसतात.

वहीतील नोंदींसाठी क्यूजीआयएस पुरेसे आहे. नोंदी तक्त्यात भरून सीएसव्ही स्वरूपात साठवाव्यात, जीपीएक्समधील मार्गबिंदूंचा थर उघडावा, दोन्हींत दिनांक-तास-मिनिट एवढाच मजकूर असलेला स्तंभ तयार करावा आणि त्या स्तंभावर जोडणी करावी. एका मिनिटात अनेक बिंदू असल्यास जोडणीत त्यांपैकी एकच घेतला जातो. चालत असताना ही त्रुटी चालण्यासारखी आहे. मात्र झाडापाशी दोन मिनिटे थांबून मग वेळ लिहिण्याची सवय लावली तर तीही उरत नाही. वाटाड्यालाही त्या निमित्ताने सालीची चव, पानांचा गंध सांगावयास सवड मिळते, हा वेगळाच लाभ.

खोल घळीत संदेश तुटला तर मार्गात दहा-पंधरा मिनिटांचे खिंडार पडते. आज्ञावलीस मधले स्थान अंदाजाने काढण्यास सांगितले, तर ती दोन टोकांत सरळ रेषा ओढून झाडाला तीवर बसविते, मग तेथे उभा कडा का असेना. म्हणून कमाल मान्य खंड एक-दोन मिनिटांपुरता ठेवावा आणि न जुळलेल्या नोंदी रिकाम्या राहू द्याव्यात. रिकामी जागा पाहून पुन्हा जाता येते. चुकीचा बिंदू मात्र खरा वाटतो.

औषधशाळाचालकांनी कच्च्या मालाच्या नोंदवहीत संग्राहकाचे नाव व दिनांक यांच्याबरोबर अक्षांश-रेखांश, वेळ आणि वेळेचे प्रमाण (भारतीय की जागतिक) असे रकाने ठेवावेत. अशोक, नरक्या यांसारख्या विरळ झालेल्या वनस्पतींचे नेमके बिंदू माहितीपत्रकात वा जाहिरातीत छापू नयेत. तेथे तालुक्याचे नाव पुरे.